वय सोळाचे, वाचन दुसरीचे : शाळा सुटलेल्या मुलांसाठी वाचनसाहित्य कसे घडवावे?

समास (धागाकर्ती)

शाळा अर्ध्यावर सुटलेली, सुधारगृहात ठेवलेली, घर सोडून निघालेली किंवा फार लवकर कामाला जुंपली गेलेली मुले-मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी पुन्हा वाचायला बसतात, तेव्हा त्यांच्या हाती नेमके काय द्यावे, या प्रश्नासाठी हा धागा काढला आहे. अशा मुलांसाठी साहित्य तयार करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करते. उपलब्ध साहित्य पाहिले की ते दोन टोकांना विभागलेले दिसते. एका टोकाला बालवाडीच्या मुलांसाठीची रंगीत अक्षरपुस्तके आहेत, तर दुसऱ्या टोकाला प्रौढ नवसाक्षरांच्या पुस्तिका आहेत, ज्यांतील प्रत्येक पात्र तिसऱ्या पानावर चुकते आणि आठव्या पानावर सुधारते. पहिल्या प्रकाराने सोळा वर्षांच्या मुलाचा अपमान होतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्याविषयीचा निकाल आधीच दिलेला असतो, आणि असे निकाल ऐकण्याची सवय झालेली मुले तो पहिल्या परिच्छेदातच ओळखतात.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे प्रारूप मांडले. लिहिलेल्या चिन्हांवरून शब्द ओळखता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे या दोन घटकांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन, असे ते प्रारूप सांगते. दोहोंपैकी एक घटक शून्य असला, तर दुसरा कितीही मोठा असून हाती शून्यच येते. आपल्या मुलांमध्ये दुसरा घटक बहुधा चांगला भक्कम असतो. ही मुले वाद घालतात, घासाघीस करतात, समोरच्याच्या बोलण्यातील खोच पकडतात. अडतात ती केवळ कागदावरच्या चिन्हांपाशी. म्हणून चिन्हे ओळखण्याचा भार हलका ठेवायचा आणि आशय मात्र पूर्ण वयाचा ठेवायचा, असे सूत्र आम्ही धरले आहे. ते प्रत्यक्ष पानावर कसे उतरवावे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

जुना खडू

सूत्र पटले, पण शीर्षकातील ‘वाचन दुसरीचे’ ही भाषा निदान आपल्यापुरती तरी सोडून द्यावी, असे वाटते. दुसरीचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच ठिकाणी अडले, तरी अडण्याची कारणे क्वचितच सारखी असतात. कोणत्या इयत्तेचे वाचन आहे, यापेक्षा नेमके कोणत्या चिन्हापाशी वाचन थांबते, हे पाहणे साहित्य लिहिणाऱ्याला अधिक उपयोगाचे आहे.

देवनागरीत हे बऱ्याच बारकाईने पाहता येते. क्रमाने म्हटलेली मुळाक्षरे ही ओळख नसून पाठांतर असते, त्यामुळे अक्षरे उलटसुलट विचारावीत आणि घ-ध, भ-म, थ-य, प-ष अशा जोड्या मुद्दाम एकत्र ठेवाव्यात. काना बहुतेकांना येतो. पहिल्या वेलांटीपाशी गडबड होते, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. खरी भिंत जोडाक्षरांची आहे, आणि तीतही ‘र’ची. ‘कार्य’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत तोच र चार वेगळ्या रूपांनी येतो, आणि यांतील दोन रूपे शाळा सुटण्यापूर्वी कधी नीट शिकवलीच गेली नव्हती, असे अनेकदा आढळते. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही अशा अक्षरमालांवर पकड यायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षे जातात, असेच दिसते. चौथीच्या आसपास शाळा सुटली, तर मूल ऐन भिंतीशी येऊन थांबलेले असते.

चिन्हांची ओळख तपासण्याच्या बैठकीतच एक परिच्छेद आपण मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. ऐकून उत्तरे बरोबर आली आणि स्वतः वाचून आली नाहीत, तर अडचण चिन्हांची आहे. ऐकूनही आली नाहीत, तर घरची बोली वेगळी आहे का, ऐकण्यात दोष आहे का, हे आधी पाहावे लागेल. डोळ्यांची तपासणीही याच टप्प्यावर व्हावी. चष्म्याची गरज असलेल्या मुलाला कितीही उत्तम साहित्य दिले तरी ते त्याला पुसटच दिसणार.

तिसरा बाक

चर्चा फार लवकर चिन्हांकडे वळली, असे मला वाटते. मुलांनी कशाविषयी वाचायचे, हे आपणच ठरवणार असू, तर चिन्हांची मांडणी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ते साहित्य पुन्हा आपलेच राहील.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडील आंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना सुमारे ४० तासांच्या वर्गांत वाचायला-लिहायला शिकवण्याचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, साक्षरतेची सगळी मोहीम गुंडाळली गेली आणि फ्रेरे यांना आधी तुरुंगवास व मग परदेशाचा आश्रय वाट्याला आला. त्यांच्या पद्धतीत आधी त्या वस्तीत राहून लोकांच्या तोंडचे, त्यांच्या जगण्यातील ताण ज्यांत साठलेला आहे असे मोजके शब्द गोळा केले जात. त्या शब्दाशी निगडित चित्रावर आधी भरपूर बोलणे होई आणि मगच शब्द फोडला जाई.

हे सांगताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. शब्द फोडल्यावर फ्रेरे त्याच्या प्रत्येक तुकड्याची स्वरमाला फळ्यावर मांडत. विटेसाठी असलेल्या ‘तिजोलो’ या पोर्तुगीज शब्दापासून त-ते-ति-तो-तु, ज-जे-जि-जो-जु अशा ओळी तयार होत आणि शिकणारे त्यांतून स्वतः नवे शब्द जुळवत. आपण ज्या बाराखडीला कंटाळवाणी म्हणून हिणवतो, तीच ही. फरक इतकाच की ती चर्चेच्या आधी येत नाही, चर्चेनंतर येते.

आपल्याकडे ‘कामगार’ हा शब्द घ्या. क, म, ग, र ही चार अक्षरे आणि एकटा काना एवढ्याच सामग्रीतून काम, राग, मार, माग, गरम, कर, करार हे शब्द निघतात. कारागारसुद्धा निघतो, आणि तो मुलांनी स्वतः शोधून काढला तर त्या दिवशीचा तास वेगळ्याच दिशेने जातो.

जुना खडू

तिसरा बाक यांच्याशी माझा वाद नाही. शब्दाची निवड मुलांची असावी, पण निवडलेल्या शब्दांचा क्रम मात्र लिहिणाऱ्याने ठरवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कितीही मनाजवळचा असला तरी त्याच्या शेवटी तीन व्यंजनांची गाठ आहे, त्यामुळे तो पहिल्या आठवड्यात फोडायला घेऊ नये. तो फळ्याच्या कोपऱ्यात चित्रासारखा लिहून ठेवावा आणि रोज दिसू द्यावा. फोडण्याची वेळ पुढे येईल.

मोकळा तास

बंदिस्त संस्थेत शिकवणाऱ्याच्या बाजूने काही व्यावहारिक मुद्दे मांडतो, कारण साहित्य तयार करणाऱ्यांना ते सहसा कुणी सांगत नाही.

पहिला मुद्दा असा की मुले सलग येत नाहीत. कुणाची तारीख असते, कुणाची बदली होते, कुणी सुटून जाते, कुणाला त्या दिवशी कोणाचे तोंड पाहायचे नसते. नवे मूल महिन्याच्या मध्येच येते. त्यामुळे पाचवा धडा समजण्यासाठी चौथा धडा झालेला असणे आवश्यक असेल, अशी रचना येथे कोलमडते. प्रत्येक पानाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट हवा, आणि त्या पानासाठी कोणती चिन्हे यायला हवीत याची खूण शिक्षकाला कळेल अशी, पण मुलाला टोचणार नाही अशी, कोपऱ्यात हवी. ‘पातळी १’, ‘पातळी २’ असे आकडे मुले लगेच ओळखतात आणि मग कुणीही १ उचलत नाही. आम्ही पानाच्या कडेला बारीक चौकोन, त्रिकोण अशा आकृती छापतो.

दुसरा मुद्दा बांधणीचा. अनेक ठिकाणी पिना, स्पायरल आणि कडक पुठ्ठा आत नेऊ देत नाहीत. दोऱ्याने शिवलेल्या किंवा नुसत्या दुमडलेल्या घडीपुस्तिका चालतात. आंतरजाल नसतेच, त्यामुळे ‘कोड स्कॅन करा’ असे छापलेली जागा वाया जाते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वातंत्र्यापासून वंचित केलेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये नियम स्वीकारले. त्यांना हवाना नियम म्हणतात. निरक्षर असलेल्या किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना विशेष शिक्षणाचा हक्क असावा, आणि संस्थेत शैक्षणिक व मनोरंजनाच्या पुस्तकांचे पुरेसे ग्रंथालय असावे, असे ते सांगतात. त्यांतच आणखी एक तरतूद आहे : संस्थेत असताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर ते मूल संस्थेत होते याचा कोणताही उल्लेख असू नये. हेच तत्त्व मुखपृष्ठालाही लावायला हवे. ‘वंचित युवकांसाठी’ किंवा ‘जोखीमग्रस्त मुलांसाठी’ असे शब्द देणगीदाराच्या अहवालात जरूर लिहावेत, पुस्तिकेवर नकोत. बाहेर पडल्यावर मुलाला ती पुस्तिका घरी, कुणाच्याही देखत उघडता आली पाहिजे.

शाईचा डाग

मी पाने मांडण्याचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. वाचनात अडचण असणाऱ्यांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन १२ ते १४ पॉइंटांचा साधा टंक, दीडपट ओळ-अंतर, डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडलेली ओळ सुचवते. हे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून सुचवलेले आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्यामुळे त्याच मापात अक्षराचे अंग लहान दिसते. म्हणून टंक आणि ओळ-अंतर दोन्ही थोडे वाढवावेत, अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढतो. डिस्लेक्सियासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास टंकांवर पैसे घालवू नयेत, त्यांचा वेगळा फायदा संशोधनात ठामपणे दिसलेला नाही. शब्दांत आणि ओळींत मोकळी जागा सोडल्याचा उपयोग मात्र होतो.

जोडाक्षराचे एकच रूप सर्व पुस्तिकांत ठेवावे. एका पानावर ‘क्त’ आडवा जोडलेला आणि दुसऱ्यावर जुन्या वळणाचा, असे झाले तर नवा वाचक त्यांना दोन वेगळी अक्षरे समजतो. चित्रांविषयी एवढेच सांगेन की गोल डोळ्यांची हसरी मुले काढू नयेत. चित्र नसले तरी चालेल.

वाचनसुलभता मोजणारी इंग्रजीतील सूत्रेही येथे फारशी लागू पडत नाहीत. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ मधील सूत्र वाक्याची लांबी आणि शब्दातील अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, मोजते. मराठीत ‘कारखान्यातल्यांनाही’ हा एकच शब्द असतो आणि नवा वाचक त्यातच दम तोडतो. वाक्यातील शब्दांपेक्षा पानावरील जोडाक्षरे आणि प्रत्ययांची शेपटे मोजावीत.

पायवाट

मुलांच्या जगण्यातून आशय घ्यावा, या तिसरा बाक यांच्या मताला माझा पाठिंबा आहे, पण त्याला एक कुंपण हवे. ‘तुझ्या आयुष्यातील न विसरता येणारा प्रसंग लिही’ हा प्रश्न शाळेत निरुपद्रवी असतो. मारहाण, अत्याचार किंवा घरातील मृत्यू पाहिलेल्या मुलाला तो भर वर्गात विचारला, तर त्या दिवशी वाचन-लेखन होत नाही आणि जे वर येते ते सावरायला तेथे कुणी प्रशिक्षित माणूस नसतो. त्यामुळे साहित्यातील सर्व लेखनकृती तिसऱ्या व्यक्तीविषयी असाव्यात. ‘या मुलीने पुढे काय केले असेल?’ असे विचारले की ज्याला स्वतःचे सांगायचे आहे तो त्या मुलीच्या आडून सांगतो, आणि ज्याला सांगायचे नाही त्याच्यावर सक्ती होत नाही. ‘आज लिहायचे नाही’ हा पर्याय छापील स्वरूपात पानावर असावा.

मुलांनी लिहिलेले छापायचे झाल्यास त्यांची ओळख पटेल असे काहीही त्यात राहू नये. बालन्यायाविषयीच्या १९८५ च्या बीजिंग नियमांत अल्पवयीन मुलाची ओळख उघड होईल अशी माहिती प्रसिद्ध न करण्याचे तत्त्व स्पष्ट सांगितले आहे. केवळ नाव बदलणे पुरेसे नसते; गाव, भावंडांची संख्या, अंगावरचे गोंदण यांवरूनही ओळख पटते. आपले नाव छापून यावे असे मुलाला मनापासून वाटत असते, हे मला माहीत आहे. त्यासाठी त्याची एक खासगी प्रत वेगळी करून द्यावी.

उलटी पाटी

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक शंका आली. अर्ज भरणे, औषधाच्या बाटलीवरची सूचना, कामाचा करार हे सगळे आवश्यक आहेच. पण या मुलांनी निव्वळ मजेसाठी काही वाचू नये, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे काय? भुताची गोष्ट, खेळाडूंच्या कहाण्या, पोलीस आणि चोर यांच्यातील डावपेच, सरळ सरळ प्रेमकथा, यांतील काहीही येथे आलेले नाही. जो अधिक वाचतो तो अधिक चांगला वाचू लागतो, आणि ज्याला अवघड जाते तो टाळून आणखी मागे पडतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये या वाढत जाणाऱ्या दरीचे वर्णन ‘मॅथ्यू परिणाम’ असे केले होते. कुणी न सांगता उचललेले पुस्तक हाच ती दरी कमी करण्याचा मार्ग आहे, आणि करारनामा कुणी न सांगता उचलत नाही.

समास (धागाकर्ती)

उलटी पाटी, तुमचा आक्षेप पूर्ण मान्य आहे. गोष्टींची मालिका आम्ही आधी घेणार आहोत. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक मसुदा पान येथे देते. यात एकही जोडाक्षर नाही आणि अनुस्वारही नाही.

*रात झाली होती. समीर अजून कामावर होता. मालक आला. हातात एक कागद होता. ‘सही कर,’ मालक बोलला. समीरने कागद उलट-सुलट पाहिला. ‘वाचू दे, मग करतो.’ मालक हसला. ‘तुला वाचता येते कधीपासून?’ समीर गप बसला. पण सही केली नाही.*

‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘नव्हता’ हे तीन शब्द टाळून मराठीत गोष्ट सांगणे किती अवघड आहे, हे लिहायला बसल्यावरच कळते. ‘रात्र’ऐवजी ‘रात’ आणि ‘गप्प’ऐवजी ‘गप’ ही बोलीरूपे मुद्दाम घेतली आहेत. प्रमाणभाषेच्या आग्रहाने कुणी हरकत घेतल्यास माझी बाजू एवढीच की ही रूपे मुलांच्या तोंडी आहेत आणि वाचताना कान त्यांच्या मदतीला येतो.

उलटी पाटी

हे मी पुढे वाचेन. फक्त मालक खलनायक ठरू नये. कागद कदाचित समीरच्या फायद्याचाही असेल, ही शक्यता उघडी ठेवल्यास पुढच्या पानासाठी ओढ राहील.

तिसरा बाक

पुढच्या पानावर तो कागदच जसाच्या तसा छापावा, असे सुचवतो. म्हणजे समीरला जे वाचायचे आहे तेच वाचकालाही वाचायचे आहे.

*रोज नऊ तास काम. आठवड्याला एक सुट्टी. आगाऊ रक्कम पगारातून कापली जाईल. मध्येच काम सोडल्यास शेवटचा पगार मिळणार नाही. स्वाक्षरी :*

त्याखाली दोनच प्रश्न : समीरने सही करावी का? एकच वाक्य बदलून मागायचे असेल, तर कोणते मागावे? दुसऱ्या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर नाही, त्यामुळे ज्याला वाचायला अजून वेळ लागतो तोही ऐकून वादात उतरू शकतो.

मोकळा तास

हे पान एकाच बैठकीत तीन-चारदा वाचून घेता येईल, हा त्याचा आणखी एक गुण आहे. एकच छोटा उतारा सफाई येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत एस. जे सॅम्युअल्स या संशोधकाने १९७९ मध्ये मांडली. चिन्हे ओळखण्यातच सगळे लक्ष खर्च झाले तर अर्थासाठी ते उरत नाही, हा तिच्यामागील विचार. आमच्या मुलांना ‘पुन्हा वाच’ म्हटले की शिक्षा वाटते. येथे मात्र पहिल्यांदा मालकाच्या आवाजात, दुसऱ्यांदा समीरच्या आवाजात, आणि तिसऱ्यांदा सही करू नको म्हणणाऱ्या मित्राच्या आवाजात वाचायला सांगता येईल.

जुना खडू

कागदाच्या पानावर जोडाक्षरांचे सहा शब्द आहेत : आठवड्याला, सुट्टी, रक्कम, मध्येच, सोडल्यास आणि स्वाक्षरी. एका पानाला ते जड आहेत, पण त्यांचे नीट गट पडतात. ‘सुट्टी’ आणि ‘रक्कम’ यांत तेच व्यंजन दोनदा येते, म्हणून ही जोडाक्षरे सर्वांत आधी घ्यावीत. ‘आठवड्याला’, ‘मध्येच’ आणि ‘सोडल्यास’ यांत ‘य’ जोडलेला आहे. ‘ध्ये’ आणि ‘ल्या’ यांत तो सारखाच दिसतो, ‘ड्या’मध्ये मात्र त्याचे रूप थोडे वेगळे असते. हा गट पहिल्या छपाईत टाळायचा असेल तर ‘सात दिवसांत एक सुट्टी’ आणि ‘मधेच काम सोडले तर’ असे लिहिता येते. तेव्हा ‘दिवसांत’मधील अनुस्वार मात्र आधी दाखवून ठेवावा लागेल. ‘स्वाक्षरी’मध्ये ‘स्व’ आणि ‘क्ष’ दोन्ही आहेत, तरी हा शब्द बदलू नये. मागील पानावर सहीचीच गोष्ट झाली असल्यामुळे कागदाच्या तळाशी, रिकाम्या रेघेशेजारी तो काय असणार हे मुले अंदाजाने ओळखतील. अंदाज बरोबर आल्यावर अक्षरे एकेक करून पडताळून घ्यावीत, म्हणजे पुढच्या वेळी रेघ नसलेल्या कागदावरही तो शब्द वाचता येईल.